‘ती मेली कशाने?’

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी होती. तीत ‘खास महिला वाचकांसाठी’ अशी एक गुलाबी चौकट होती. घर आवरण्याचं एक पुस्तक, मन आवरण्याची दोन, एक चरित्र आणि बाकी कादंबऱ्या. ‘हळुवार’ हा शब्द त्या चौकटीत तीनदा आला आहे, मी मोजला. गूढकथा आणि भयकथा शेजारच्या चौकटीत होत्या आणि तिचं शीर्षक होतं ‘तरुणांसाठी थरार’. मी त्रेसष्ट वर्षांची बाई आहे. म्हणजे थराराच्या चौकटीतून मी दोनदा बाद.

तक्रार एवढीच, ती संपली. पुढचं पत्र एका सूचनेसाठी आहे. या उन्हाळ्यात बायकांनी पाच-सात जणी जमवाव्यात आणि भुताखेतांच्या गोष्टी वाचाव्यात. आम्ही गेले तीन उन्हाळे हे करतो आहोत, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजते.

मी परिचारिका होते. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली एकवीस प्रसूती विभागात, आणि नाइट इतक्या केल्या की दुपारी दोन वाजता डोळे मिटायची सवय अजून गेलेली नाही. लेबर रूममध्ये रात्री दोन ते चार ही मोठी विचित्र वेळ असते. आत कुणी कण्हत असतं, पण अजून अवकाश असतो. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत असतात, लांबून घोडा दौडत यावा तसे. त्या वेळात जागं राहायला मला पुस्तक लागायचं, आणि हळुवार पुस्तकाने मला झोप येते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी असेच वाचले, तापाच्या कोऱ्या चार्टचं कव्हर घालून.

एका पहाटे आमच्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी ते कव्हर उलटून पाहिलं. हसले. म्हणाले, “सिस्टर, असलं काही बायकांनी वाचू नये. मन कोवळं असतं.” तासाभरापूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक बाई मरणाच्या दारातून ओढून आणली होती. माझ्या चपलांवरचं रक्त अजून पुसायचं होतं. मी “हो सर” म्हटलं, पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि ते वळल्यावर पुन्हा बाहेर काढलं. माणूस वाईट नव्हता, हात तर सोन्यासारखा होता. पण ते वाक्य मी विसरले नाही.

निवृत्तीनंतर आमचं मंडळ सुरू झालं. माझ्याशिवाय नऊ जणी: बँकेतून निवृत्त झालेल्या एक, गणिताच्या बाई, शिवणकाम करणारी एक, औषधांच्या दुकानात काउंटरला बसणारी एक, घर सांभाळणाऱ्या दोघी, माझी सून, तिची मैत्रीण आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माई. पहिला उन्हाळा माझ्यामुळे बुडाला. उत्साहाच्या भरात मी चारशे पानांची कादंबरी निवडली. दुसऱ्या बैठकीला पाच जणी आल्या, तिसऱ्या बैठकीला मी आणि माई, आणि माईंनी पुस्तक उघडलंही नव्हतं. तेव्हापासून आम्ही फक्त कथा घेतो, वीस-पंचवीस पानांच्या. आठवड्याला एक, आठ आठवडे. ज्यांना असं काही सुरू करायचं असेल त्यांनी माझी ही एक चूक तरी करू नये.

आता खुणेच्या कागदाबद्दल, कारण आमच्या मंडळाचा जीव त्यात आहे. ही कल्पना ठरवून आलेली नाही. एकदा माई पुस्तक घेऊन आल्या, त्यात कागदाची चिठ्ठी होती, आणि म्हणाल्या, “इथपर्यंत वाचलं गं सिस्टर, पुढे माझ्याच्याने झालं नाही.” बाकीच्या हसल्या. मग गणिताच्या बाईंनी हळूच सांगितलं की त्याही एका जागी थांबल्या होत्या, उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आल्या आणि मग पुढे वाचलं. कुठे थांबलात? त्यांनी पान दाखवलं. ते माईंचं पान नव्हतं. तेव्हा सगळ्यांनीच आपापली जागा सांगितली. तेव्हापासून नियम झाला: वाचताना जिथे पुस्तक मिटावंसं वाटलं तिथे कागद ठेवायचा, आणि बैठकीत आधी कागद दाखवायचे, मतं नंतर.

दहा जणींचे दहा कागद एका पानावर कधीच नसतात. लेखकाने जिथे ढोल-ताशे लावून भूत आणलेलं असतं तिथे तर बहुतेक एकही नसतो. पडक्या वाड्याच्या एका गोष्टीत औषधांच्या दुकानातल्या बाईंचा कागद कुठे होता? नायिका नवऱ्याला सांगते की वरच्या खोलीत कुणी चालतं, आणि तो वर्तमानपत्रातून मान न उचलता “तुला भास होतात” म्हणतो, तिथे. भूत यायला अजून अकरा पानं होती. आम्ही विचारलं, इथे काय घाबरण्यासारखं? त्या म्हणाल्या, “आता हिचं पुढे कुणीच ऐकणार नाही ना.”

गंमत म्हणून मी नाडीही पाहते. जुनी सवय. एका बैठकीत गणिताच्या बाई मोठ्याने वाचत होत्या. सुरुवातीला त्यांची नाडी ७६ होती, जिन्याच्या प्रसंगानंतर १०४. जागचं हललं नव्हतं कुणी. भीती खरी असो की छापलेली, शरीर आधी तयारीला लागतं: अॅड्रेनॅलिन सुटतं, श्वास वाढतो, बाहुल्या मोठ्या होतात, तळहात ओले होतात. मग डोकं सांगतं, अगं, तू खुर्चीत बसली आहेस. तो जो सुटकेचा नि:श्वास आहे ना, त्यासाठी माणूस पुन्हा पुढच्या आठवड्यात येतो. आयुष्यात मला जेव्हा जेव्हा नाडी १०४ झाल्याचं जाणवलं तेव्हा मिटायला पुस्तक नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक गोष्ट वाचली, नेहमीच्या वळणाची. रात्रीचा रस्ता, एकटा पुरुष, पांढऱ्या कपड्यातली बाई, उलटे पाय. गोष्ट चांगली लिहिलेली होती, नाही म्हणणार नाही. वाचून झाल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, “पण ती मेली कशाने?”

आम्ही पानं उलटून शोधलं. सहा पानं तो माणूस कसा धावला यावर होती. तिच्याबद्दल एक वाक्य: बाळंतपणात गेलेली. बस. मग माझ्याकडे सगळ्यांच्या नजरा. मी म्हटलं, रक्तस्राव असेल. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर बाई बघता बघता जाते. बाळंतपणातल्या मृत्यूंचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. किंवा मूल आडवं असेल. किंवा झटके आले असतील. मग प्रश्न सुरू झाले. वय किती असेल? कितवं बाळंतपण? जवळ कोण होतं? न्यायला उशीर का झाला? मूल जगलं का? आणि माझ्या लक्षात आलं की मी एका हडळीचा केसपेपर भरते आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक भुताला हा प्रश्न विचारला जातो. पुरुष भुतालासुद्धा, भेदभाव नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. उत्तर भारतात चुडैल म्हणतात ती बाळंतपणात गेलेली. मलेशिया-इंडोनेशियात पोंतियानाक आहे, तीही गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेलेली. जपानात उबुमे, ती तर कडेला मूल घेऊन उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, जरा याला धरा. मूल हातात घेतलं की जड होत जातं, दगडासारखं. माणसं तिला घाबरून पळतात. आमच्या मंडळात कुणीच घाबरलं नाही. तिला कुणाला झपाटायचं नाहीये, मूल धरायला एक माणूस हवा आहे, हे दहाच्या दहा जणींना न सांगता समजलं. समुद्र ओलांडून वेगवेगळ्या भाषांमधल्या माणसांना एकच भूत का सुचलं असेल, हे मला लेबर रूममध्ये काम केलेल्या बाईला विचारण्यासारखं आहे. एकवीस वर्षांत मीही अशा बायका पाहिल्या. थोड्या, पण पाहिल्या. त्यांचे पाय सरळ होते. अंगठ्याला चिठ्ठी मीच बांधली आहे.

म्हणून मला वाटतं की या गोष्टी बायकांनी वाचायला हव्यात. पुरुष वाचतो तेव्हा तो रस्त्यावरच्या माणसाबरोबर धावतो. आमच्यातल्या निम्म्या जणी मागे थांबून तिच्याकडे बघत होत्या.

आणि लिहिल्या आहेतच की बायकांनी. भयकथेच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला उन्हाळा एका अठरा वर्षांच्या मुलीचा आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुट्टीला गेलेली पाच माणसं पावसामुळे घरात अडकली: इंग्रज कवी लॉर्ड बायरन, त्यांचे डॉक्टर पोलिडोरी, कवी शेली, पुढे त्याची बायको झालेली ती अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर. वेळ घालवायला त्यांनी जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद मोठ्याने वाचला, आणि मग बायरननी सुचवलं की प्रत्येकाने एक भूतकथा लिहावी. थोडक्यात, ते आमच्यासारखंच उन्हाळी वाचनमंडळ होतं, फक्त उन्हाळा नव्हता. दोन मोठ्या कवींच्या हातून त्या स्पर्धेत काही धड झालं नाही. मेरीने फ्रँकेन्स्टाइनला जन्म दिला. जानेवारी १८१८ मध्ये ती कादंबरी छापून आली ती लेखिकेच्या नावाशिवाय, आणि पुष्कळांना वाटलं शेलीनेच लिहिली असणार.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ही गोष्ट मी मंडळात सांगते ती माझ्या पद्धतीने, केसपेपरपासून.

मेरीची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये पुस्तक लिहिलेली बाई. ३० ऑगस्ट १७९७ ला तिला मुलगी झाली. वार, म्हणजे प्लासेंटा, पडली नाही. डॉक्टरला बोलावलं, त्याने हात घालून तुकड्या-तुकड्याने काढली. त्या काळी डॉक्टरांत हात धुण्याची रीत नव्हती. जंतुदोष झाला, ताप चढला आणि अकराव्या दिवशी, १० सप्टेंबरला, ती गेली. बाळंतिणीच्या खोलीत शिरण्यापूर्वी हात धुवा असं डॉक्टरांना सांगणारे सेमेलवाइस १८१८ मध्ये जन्मले, म्हणजे नेमके ज्या वर्षी या मुलीची कादंबरी आली त्या वर्षी. इतिहास असं कधीकधी करतो.

मेरी सतरा वर्षांची असताना, फेब्रुवारी १८१५ मध्ये, तिला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. बाळ दोन आठवडेही जगलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी तिने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं आहे: बाळ मेलं नव्हतं, नुसतं गार पडलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ते जिवंत झालं. जाग आली तर बाळ नव्हतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाच कागद तिथे पडला. कारण आम्ही तेच करतो. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही, की कोरड्या गरम कपड्यात घेऊन पाठ चोळायची, तळपायावर टिचकी मारायची. खोलीत सगळे गप्प होतात. ते निळसर, मेणासारखं अंग हातात असतं आणि तुम्ही चोळत राहता, आणि मग एकदम तोंड वाकडं होतं, छाती उचलते, रंग पायांकडून नाही, छातीकडून पसरत जातो. बहुतेक वेळा. ज्या मुलीच्या आईचा जीव तिला जन्म देताना गेला, जिचं स्वतःचं बाळ गार पडलं, आणि १८१६ च्या त्या ओल्या उन्हाळ्यात जिच्या मांडीवर पाच महिन्यांचं दुसरं मूल होतं, तिने निर्जीव देह डोळे उघडतो अशी गोष्ट लिहिली. आणि त्यातला निर्माता डोळे उघडलेल्या त्या लेकराला पाहून पळून जातो. पुढे जे वाईट होतं ते त्या पळण्यामुळे. यावर सिनेमे निघाले, मानेला खिळे ठोकलेले मुखवटे आले, पण मूळ गोष्ट जन्मल्याबरोबर टाकून दिलेल्या जिवाची आहे. हे कोवळ्या मनाने लिहिलं असं म्हणायचं का?

हे मंडळात सांगताना माझ्या हातून एक चूक झाली, तीही लिहिते. सुनेची मैत्रीण एकदम गप्प झाली. तिचं मूल आठव्या महिन्यात गेलेलं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी एवढी अनुभवी सिस्टर, आणि आधी विचारलं नाही. पुढच्या आठवड्याला ती येणार नाही असं मी धरून चालले होते. आली. पुस्तक घेऊन आली, कागद होता, जिथे त्या देहाचा डोळा उघडतो त्या पानावर. “मला मिटावंसं वाटलं नाही,” म्हणाली, “तिथे थोडा वेळ बसावंसं वाटलं.” कुणी काही बोललं नाही. माईंनी तिचा हात धरला आणि बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

तरीही आता आमचा शिरस्ता आहे की गोष्ट निवडणारीने आधी एका ओळीत सांगायचं आत काय आहे. मूल मरतं का, कुणावर जबरदस्ती होते का, कुत्रं मरतं का. हसू नका, कुत्र्याचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. नुकतीच बाळंत झालेली, नुकतंच घरातलं माणूस गेलेली, झोप उडालेली अशी कुणी असेल तर तिने त्या आठवड्यात नुसतं ऐकायला यावं किंवा येऊ नये. हे औषधासारखं आहे, वेळ बघून द्यावं.

बाळंतपणानंतरची उदासी म्हणजे काय हे मी नव्या मुलींना पुष्कळदा समजावलं, पण शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द यलो वॉलपेपर’इतकं कुणी चांगलं समजावलेलं नाही. १८९२ ची कथा, जेमतेम वीस पानांची. डॉक्टर नवरा, लहान बाळ, आणि विश्रांती म्हणून माडीवरच्या खोलीत ठेवलेली बायको. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, भिंतीला पिवळा कागद. लिहायचं नाही, काम करायचं नाही. दिवसभर ती त्या कागदाकडे बघत राहते आणि त्याच्या नक्षीमागे तिला एक बाई रांगताना दिसायला लागते. गिलमन यांना स्वतःला मुलीच्या जन्मानंतर असाच उपचार मिळाला होता: घरात राहा, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त डोकं चालवू नका, आणि आयुष्यात पुन्हा लेखणी हातात धरू नका. त्यांनी धरली. आमच्या पाच जणींचे कागद या कथेत दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच होते, नवरा प्रेमाने हसतो तिथे. तो दुष्ट नाही हीच तर भीती. तो तिच्या भल्यासाठीच सगळं करतो आहे. बँकेतल्या बाई म्हणाल्या, “याच्यापेक्षा भूत परवडलं, निदान तुझ्या भल्यासाठी म्हणत नाही.”

अंधश्रद्धेबद्दल लोक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. एकवीस वर्षं रात्री-अपरात्री वॉर्डातून फिरले, शवागाराच्या बोळातून एकटी गेले, मला भूत दिसलं नाही. मंडळातली कुणीही अंगात आलेल्या बाईला डॉक्टरऐवजी मांत्रिकाकडे नेणार नाही, याची मला आता पूर्वीपेक्षा जास्त खात्री आहे. भूत कागदावर बघायची सवय झाली की घराबाहेर कुणी भूत दाखवायला लागला तर माणूस आधी विचारतो, ती मेली कशाने? ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून उतारे-तोडगे छापणारी पुस्तकं मात्र आम्ही दारात उभी करत नाही. गोष्टीने गोष्ट असावं.

दुसरा आक्षेप, हे बायकांचं वाचन नव्हे. यावर मी एक उदाहरण देते आणि गप्प बसते. राजा विक्रम आणि प्रेतात शिरलेला वेताळ आपल्याला लहानपणापासून माहीत. स्मशान, झाडाला लटकणारं मढं, खांद्यावरचं ओझं. वेताळाच्या त्या पंचवीस कथा ज्या कथासरित्सागरात आहेत तो ग्रंथ सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला. कुणासाठी? राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी, असं त्याने स्वतःच शेवटी लिहून ठेवलं आहे. हजार वर्षांपूर्वी राणीला मढ्यांच्या गोष्टी चालत होत्या. तिच्या चौकटीचा रंग कोणता होता कोण जाणे.

आणि ज्या म्हणतील की अहो, पण मला खरंच फार भीती वाटते, त्यांच्यासाठी एडिथ व्हार्टन. या अमेरिकन लेखिकेला सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, ज्या खोलीत भूतकथेचं पुस्तक आहे तिथे झोप येत नसे. खालच्या मजल्यावरच्या कपाटात ते आहे एवढ्या विचारानेही धीर सुटायचा, म्हणून तिने अशी पुस्तकं जाळलीसुद्धा. पुढे तिनेच उत्तम भूतकथा लिहिल्या. भित्री माणसंच या मंडळात चांगली, असं माझं मत झालं आहे. ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही त्या फार कंटाळवाणं बोलतात.

सुरू करायला फार काही लागत नाही. ग्रंथालयातून एक प्रत आणली आणि एकीने मोठ्याने वाचली तरी भागतं. उलट आवाजात वाचलेलं जास्त लागतं. वाचणारीने नाटक करू नये, सपाट वाचावं. अनुवाद घ्या, मराठीतलं घ्या, फक्त सगळ्या गोष्टी एकाच लेखकाच्या नकोत. आणि संध्याकाळच्या आत संपवा. हा अनुभवाचा सल्ला आहे, कारण घरी जाताना माईंना सोडायला चार जणी गेल्या आणि मग त्या चौघींपैकी शेवटच्या एकीला सोडायला कुणीच उरलं नाही.

संपादक महोदय, १९४८ च्या जून महिन्यात ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकन नियतकालिकात शर्ली जॅक्सन या बाईंची ‘द लॉटरी’ नावाची कथा आली. साधं गाव, साधी माणसं, उन्हाळ्याची स्वच्छ सकाळ, आणि शेवटी जे होतं ते मी इथे सांगणार नाही. मुलीला ढकलगाडीत घालून, सामान घेऊन चढ चढताना त्यांना ती सुचली आणि घरी येऊन त्यांनी ती लगेच लिहून काढली. त्या उन्हाळ्यात वाचकांची तीनशेहून जास्त पत्रं आली, बरीचशी संतापलेली. लेखिकेच्या आईनेसुद्धा लिहिलं की आम्हाला आवडली नाही. आपल्या पुरवणीत एखादी भयकथा छापून पाहा, गुलाबी चौकटीत. अशी पत्रं आपल्याकडे आली तर त्यातलं एक माझं असेल, पण ते संतापाचं नसेल.

आमच्या यंदाच्या बैठका पुढच्या आठवड्यात सुरू होत आहेत. परवा पुस्तकं काढताना माईंचं ते पहिलं पुस्तक सापडलं. चिठ्ठी अजून त्याच पानावर आहे. मी फोन करून विचारलं, काढू का? त्या म्हणाल्या, “राहू दे गं. यंदा तिथूनच वाचते. तू फक्त शेजारी बस.”

आपली,
एक निवृत्त सिस्टर
(कृपया नाव छापू नये. ते डॉक्टर अजून आपलं वृत्तपत्र वाचतात.)